कॅनीचा कोपरा

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गावातल्या गावात सरावाचा सामना चालला होता, तेव्हा सेनन कॅनीच्या डाव्या डोळ्यावर काठीचं बूड बसलं. मारणाऱ्याचा दोष नव्हता. हर्लिंगच्या खेळात दोघं काठ्या घेऊन एका चेंडूवर वाकले की काठ्या कुणाचं ऐकत नाहीत. सेनन गवतात थुंकला, मनगटानं डोळा चोळला आणि राहिलेली वीस मिनिटं खेळला. तेरा वर्षांत त्याची सात बोटं मोडली होती, समोरचे चार दात गेले होते, कानामागं टाके पडले होते. डोळा काळानिळा झाला, एवढं चालायचंच.

गुरुवारी तो दलदलीत जळण कापत होता. कंबरभर खोल चरात उभं राहून, वाळली की जळणाऱ्या त्या काळ्या ओल्या मातीच्या विटा कापायच्या आणि काठावर फेकायच्या. वर त्याची बायको डेलिया त्या झेलून वाळत घालायची. दुपारच्या सुमारास त्याच्या डाव्या डोळ्यात वीज चमकली. वर बघितलं तर आभाळ राखेसारखं, वीज कुठंच नाही. मग चिलटांसारखे काळे ठिपके आले. त्यानं हातानं वारले. ते हलले नाहीत.

"सेनन, माश्या वारतोस का काय?" डेलिया वरून म्हणाली. "या वाऱ्यात माशी कुटनं आली?"

"घाम गेला डोळ्यात."

"तुला घाम? लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच ऐकतीया."

दुसऱ्या दिवशी गाढवाच्या गाडीतनं दुधाचे कॅन डेअरीवर पोचवून तो केसी डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं डोळ्यात थेंब घातले, खिडकीचा पडदा ओढला आणि छोटा दिवा लावून बराच वेळ आत बघत राहिला.

"सेनन," तो म्हणाला, "डोळ्याच्या आतला पडदा सुटायला लागलाय. ओल आली की भिंतीवरचा कागद कोपऱ्यातून सुटतो, तसा. आजच्या गाडीनं डब्लिनला जा. मी चिठ्ठी देतो. शस्त्रक्रिया करतील. मग सहा आठवडे पाठीवर पडून राहायचं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मानसुद्धा हलवायची नाही."

"सहा आठवडं?"

"आणि हर्लिंग आज संपलं."

सेनन गुडघ्यावर टोपी फिरवत बसला. "डॉक्टर, जुलैत प्रांताची फायनल हाय."

"तुम्ही अजून पहिली फेरीही खेळला नाहीत."

"औंदा पोचणार आमी. फायनलनंतर जातो की."

"तोपर्यंत या डोळ्यात करण्यासारखं काही उरणार नाही. कळतंय का मी काय म्हणतोय?"

"कळतंय."

डॉक्टरनं चिठ्ठी लिहिली. सेनननं ती टोपीत ठेवली. घराच्या वाटेवर पुलापाशी गाढव आपसूक थांबतं, तिथं त्यानं ती काढली, चार तुकडे केले आणि ओढ्यात सोडले. डेलियाला सांगितलं, "मुका मार हाय म्हनला. थेंब दिल्यात."

सेनन तेहेतीस वर्षांचा होता. वयाच्या विसाव्या वर्षी तो जिल्ह्याच्या संघात आला आणि तेव्हापासून गोलाच्या उजवीकडचा मागचा कोपरा त्याचाच होता. लोक त्या जागेला 'कॅनीचा कोपरा' म्हणत. स्लीव्ह ऑटीच्या डोंगरातल्या ड्रमॅनीसारख्या वाडीतनं जिल्ह्याकडं खेळलेला तो एकटाच. सरावाला वीस मैल सायकल मारत जायचा, यायचा, आणि पहाटे पुन्हा गाईखाली बसायचा. या तेरा वर्षांत जिल्हा दोनदा प्रांताच्या फायनलला गेला आणि दोनदा हरला. एकदा तर शेवटच्या मिनिटाला. त्याच्या थोरल्या भावाकडं इंग्लंडात घर होतं, मोटार होती. सेननकडं चौदा एकर पाणथळ उतार होता, नऊ गाई होत्या, आणि बाजाराच्या गावात शिरला की माणसं दुकानाच्या दारात येऊन म्हणायची, "काय सेनन, औंदा?" त्या दोन शब्दांवर तो वर्षभर जगायचा. डोळा एक गेला तर दुसरा होता. कोपरा एकच होता.

जून लागला आणि पाऊस ठाण मांडून बसला. कापलेलं गवत खाली काळं पडायला लागलं. सेनन आणि डेलिया दिवसातनं तीनदा ते दाताळ्यानं उलटायची आणि तिन्ही वेळा वरून सर यायची. चुलीपाशी बसलेला सेननचा म्हातारा बाप, थॉमी, दारातनं आभाळ बघून म्हणायचा, "देवाचं गवत सुकलेलं दिसतंय, म्हनून आपल्यावर पिळतोय कापडं."

आणि त्या दिवसांत सेननच्या डाव्या डोळ्यात सावली चढत होती. टाकीत पाणी चढावं तशी, खालनं वर. आधी त्याला त्या डोळ्यानं स्वतःचा पाय दिसेनासा झाला, मग विळा धरलेला हात, मग समोरचा बांध. पंधरा दिवसांत वर आभाळाची एक चिंधी तेवढी राहिली आणि एका सकाळी तीही गेली.

उजव्या डोळ्यानं त्याला लांबचं स्वच्छ दिसायचं, पण वस्तू कुठं आहे ते कळेना. फाटकाची कडी धरायला जावं तर हात हवेत मिटायचा. कॅनमध्ये दूध ओतताना धार बाहेर जायची, आणि मांजरी आता त्याच्या मागं मागं फिरायला लागल्या. चहाचा कप मेजाच्या कडेच्या अलीकडंच सोडला. फुटला. थॉमी म्हणाला, "फायनल जवळ आली की पोराचं हात आसंच कापत्यात. माजंबी व्हायचं."

डेलिया खाली वाकली. ती तुकडे वेचत राहिली.

एक दिवस पावसानं उघडीप दिली. दोघं गवताचे ढीग रचत होती. सेनन दोन दातांच्या काट्यानं गवत उचलून वर द्यायचा आणि डेलिया ढिगावर उभी राहून पायानं दाबायची. ती खाली उतरून त्याच्या डाव्या बाजूनं आली. त्यानं काटा फिरवला. लोखंडी दात तिच्या दंडाला घासून बाहीत अडकला आणि बाही खांद्यापासनं कोपरापर्यंत फाटली. एक बोट इकडं असता तर दंडातच गेला असता.

डेलियानं ओरखड्यावरचं रक्त बघितलं. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आपल्या हातानं त्याचा उजवा डोळा झाकला.

"किती बोटं?"

"डेलिया, गवत भिजंल."

"किती बोटं, सेनन?"

"दोन."

तिनं हात वर केलेलाच नव्हता.

ती ओल्या ढिगाला टेकून खाली बसली. सेनन काटा टेकून उभा राहिला. खालच्या रस्त्यानं कुणाची तरी सायकल किरकिरत गेली.

"डॉक्टरला ठावं हाय?"

"हाय."

"काय म्हनला?"

खोटं बोलायला त्याला एक श्वाससुद्धा लागला नाही. "म्हनला, फायनल झाल्यावर डब्लिनला ये. बरं करतो. घाई न्हाई म्हनला."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

डेलियानं पदरी पडलेलं खरं मानलं. ती तशीच होती. एकदा ऐकून घेतलं की मागं बघायची नाही. दुसऱ्या दिवसापासून दूध काढून झालं की ती गोठ्याच्या भिंतीपाशी चेंडूंची बादली घेऊन उभी राहायची. सेनन पाठमोरा उभा. ती त्याच्या डाव्या अंगानं चेंडू टाकायची आणि त्यानं मान वळवून, पाय बदलून, तो काठीवर घ्यायचा. पहिल्या दिवशी शंभरातले नव्वद चुकले. चेंडू छातीवर बसले, कानावर बसले, एक ओठावर बसला. डेलिया थांबली की तो ओरडायचा, "टाक! हळू कशाला टाकतीस? थर्ल्सच्या फायनलला माझ्यावर कोन दया दाखवनार हाय?" पावसात तिचे केस कपाळाला चिकटायचे. हात भरून यायचे. ती टाकत राहायची. तीन आठवड्यांनी शंभरातले तीस चुकायला लागले. वरनं पडणारा चेंडू मात्र त्याला कधीच साधला नाही. तो कुठं उतरतोय ते एका डोळ्याला कळत नव्हतं.

पहिली फेरी जिंकली. उपांत्य सामनाही जिंकला. सेनन आपल्या माणसाला सतत उजव्या हाताशी ठेवून खेळला, धक्के देत, रेटत, चेंडूपेक्षा माणूसच खेळत. मास्तर हॅनराहन संघ निवडायचे. खेळ झाल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हातारा झालास तसा आडदांड झालास रे."

ओळखलं ते एका मॉसी स्लॅटरीनं. मॉसी गोलरक्षक, शेजारच्या वाडीचा. कौन्सिलच्या रस्त्यांवर चर खणणारा, फावड्यावर जगणारा माणूस. सव्विसाचा होता, घरी बायको ब्रीडा आणि पाळण्यात लेकरू. सहा वर्षं तो सेननच्या डाव्या हाताला गोलात उभा होता. सरावानंतर सायकली ढकलत दोघं चढ चढत होते, तेव्हा तो म्हणाला,

"सेनन, तू आता माझ्याकडं बगत न्हाईस."

"कशाला बगू? तू काय चर्चातली मूर्त हायस?"

मॉसी हसला. मग म्हणाला, "आसं करू. वरनं आलेला चेंडू माझा. मी 'माझा' म्हनून वरडीन. वरडलो की तू काठी खाली टाकायची. चालंल?"

सेनननं विचारलं नाही की तुला कसं कळलं. मॉसीनंही पुढं विचारलं नाही. "चालंल," सेनन म्हणाला. त्याला मॉसीचा राग आला होता. तेरा वर्षांत आपल्या कोपऱ्यात कुणी त्याला 'काठी खाली टाक' म्हणालं नव्हतं.

फायनलच्या दिवशी नेमकं ऊन पडलं. अख्ख्या उन्हाळ्यातला तो पहिला कोरडा दिवस, आणि डोंगरातलं एकही माणूस गवतात नव्हतं. थर्ल्सच्या मैदानावर माणसं कुंपणापर्यंत खच्चून भरली होती. डेलियानं सकाळी निघताना सेननची कॉलर नीट केली होती आणि "येतानाच डब्लिनची गाडी बघू" एवढंच म्हणाली होती.

पहिला अर्धा सेनन असा खेळला की म्हाताऱ्या माणसांनीही टोप्या काढल्या. समोरचा पोरगेला, पिवळ्या केसांचा, सशासारखा चपळ. सेनननं त्याला अंग लावून कुंपणाकडं ढकलला आणि तिथंच कोंडून ठेवला. दुसऱ्या अर्ध्यात ऊन डोळ्यावर आलं. उजव्या डोळ्यातनं पाणी गळायला लागलं. पाय जड झाले. तरी जिल्हा दोन गुणांनी पुढं होता आणि चारच मिनिटं राहिली होती.

तेव्हा मैदानाच्या मधनं कुणीतरी चेंडू उंच मारला.

तो वर गेला, उन्हात हरवला, आणि गोलासमोर उतरायला लागला. सेनन त्याखाली पळाला. तीस हजार माणसं एकाच वेळी ओरडत होती, पण त्या सगळ्या गोंगाटातनं त्याला एक आवाज स्वच्छ ऐकू आला. डाव्या बाजूनं, पाच पावलांवरनं.

"माझा! सेनन, माझा!"

त्याला ऐकू आलं. आणि त्याला आठवलं की हा शेवटचा आहे. याच्यानंतर वरनं उतरणारा चेंडू नाही, फायनल नाही, कोपरा नाही. काठी खाली टाकायची होती. त्यानं ती दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि जीव खाऊन फिरवली.

काठीला काहीतरी लागलं. ते चेंडूसारखं कडक नव्हतं. ओल्या फांदीवर कुऱ्हाड बसावी तसा आवाज आला. मॉसी गुडघ्यांवर बसला होता, उजवा पंजा पोटाशी धरून. चेंडू त्याच्या पाठीमागं टप्पा घेत होता. पिवळ्या केसांच्या पोरानं तो नुसता ढकलला. गोलाचे तीन गुण. एका गुणानं सामना गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मॉसीला दवाखान्यात नेलं होतं. मग एकजण म्हणाला, "मॉसी गोल सोडून भाईर कशापायी आला?" दुसरा म्हणाला, "आला तर आला, आवाज तरी द्यावा." मास्तर हॅनराहन सेननपाशी बसले. "तुझा चेंडू होता. तो मध्ये कडमडला. तू मनाला लावून घेऊ नकोस." सेनन बुटाची नाडी सोडत होता. ओली गाठ सुटत नव्हती.

मास्तरांनी दवाखान्यात जाऊन मॉसीला विचारलं, आवाज दिला होतास का. मॉसीनं भिंतीकडं तोंड केलं आणि सांगितलं, "न्हाई. राहून गेलं."

ते सेननच्या कानावर आलं. तेव्हाही त्यानं मास्तरांना खरं सांगितलं नाही.

डब्लिनच्या गाडीचा विषय डेलियानं दोनदा काढला. सेनन म्हणाला, गवत होऊ दे. ऑगस्टभर गवत झालं नाही. थॉमीनं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं, "माझ्या पोरानं मॅच काढली व्हती. त्या फावडेवाल्यानं घालवली." चर्चच्या फाटकाशी माणसं मॉसीला वाट द्यायची, पण कुणी टोपीला हात लावून ओळख द्यायचं नाही. मॉसीची दोन बोटं काढावी लागली होती आणि अंगठा मिटत नव्हता. कौन्सिलच्या मुकादमानं त्याला फावडं उचलून दाखवायला सांगितलं. त्यानं उचललं. दोन पावलांवर ते हातातनं पडलं. मुकादमानं दुसरा माणूस घेतला.

सप्टेंबर लागला. थॉमीच्या छातीत कफ भरला, म्हणून डेलिया त्याला केसी डॉक्टरकडं घेऊन गेली. संध्याकाळी सेनन गोठ्यात गाईखाली बसला होता. डेलिया आत आली, स्टूल घेतलं आणि त्याच्या डाव्या हाताच्या गाईखाली बसली. ती दिसत नव्हती. तिच्या बादलीतली धार ऐकू येत होती.

"केसी डॉक्टरनं इचारलं, सेनन गेला का न्हाई डब्लिनला."

सेननचे हात थांबले.

"काढ दूध. गाय आटंल." तिची धार चालूच होती. "म्हनला, मे मध्येच चिठ्ठी दिली व्हती. त्याच गाडीनं जायला सांगितलं व्हतं. वाचला असता म्हनला डोळा."

"व्हय."

"सहा आठवडं पाठीवर. मी केलं असतं की सगळं. जळण, गवत, दूध. तसंबी मीच केलं ना?"

"केलंस."

"मला इचारलं असतंस तर?"

"तू जा म्हनली असतीस."

"म्हनून इचारलं न्हाईस."

गाईनं शेपूट फिरवलं. ते सेननच्या आंधळ्या बाजूच्या गालावर बसलं.

"पावसात हुबी ऱ्हाऊन मी चेंडू टाकलं," डेलिया म्हणाली. आता तिची धार थांबली होती. "रोज शंभर. वाटायचं, नवऱ्याच्या पाठीशी हाय मी. आरं, त्या मॉसीची बोटं माझ्या हातनंबी गेली की रं. मला त्यात कशाला घेतलंस? देवाची शपथ घेतलीस माझ्यासमोर."

"डेलिया..."

"रविवारी चर्चात मिस्सा झाला की सगळ्यांसमोर सांगायचं, तुला दिसत नव्हतं म्हनून. तू न्हाई सांगितलंस तर मी सांगीन. आनी मी सांगितलं तर ह्या घरात पुन्यांदा येनार न्हाई."

रविवारी चर्चच्या भिंतीला टेकून पुरुष विड्या ओढत उभे होते. मॉसी जरा लांब, ब्रीडा आणि लेकराबरोबर. सेनन भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. तो म्हणाला, "मॉसीची चूक नव्हती. माजा डावा डोळा गेलाय. जूनमध्येच गेला. मला मॉसी दिसलाच न्हाई. त्येनं आवाज दिला व्हता."

मास्तर हॅनराहन पुढं आले. त्यांचे डोळे भरले होते.

"जूनमध्ये? म्हणजे फायनल तू एका डोळ्यानं खेळलास?"

"व्हय."

"एका डोळ्यानं!" मास्तर मागं वळून म्हणाले. "ऐकलंत का? एका डोळ्यानं त्या पोराला अर्धा सामना कोंडून ठेवला यानं!"

आणि भिंतीपासची माणसं सुटली. कुणी त्याचा हात धरला, कुणी खांदा. "आमच्या जिल्ह्यात आसा गडी झाला न्हाई!" "माझ्या नातवाला सांगनार मी!" थॉमी काठी आपटत रडत होता. सेनन "ऐका, ऐका" म्हणत होता, पण त्या गर्दीत तो एकटाच मॉसीचं नाव घेत होता. उजवा डोळा पुसून त्यानं बघितलं, तेव्हा मॉसी आणि ब्रीडा रस्त्याच्या वळणावर पोचली होती. लेकरू मॉसीनं डाव्या हातावर घेतलं होतं.

डेलियानं घरी जाताना एकच विचारलं. "त्येचा आवाज ऐकू आला व्हता तुला?"

"मानसं किती वरडत व्हती," सेनन म्हणाला.

ती पुढं चालत राहिली.

सोमवारी ऊन पडलं आणि टिकलं. सेनन आपलं गवत डेलियावर सोडून मॉसीच्या तुकड्यावर गेला. दोन एकर गवत आडवं पडलेलं, अर्धं कुजलेलं. ब्रीडा दारात आली.

"आता काय ऱ्हायलंय?"

"गवत करतो तुमचं."

तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं. "तुझ्यापायी लोकं आमच्या दारावरनं जाताना थुंकत व्हती. आता तुझ्या नावानं गाणी म्हनत्यात. आमच्या वाटनीला काय आलं?" सेनननं मान खाली घातली. ती म्हणाली, "काटा भिंतीला हाय," आणि आत गेली.

तीन दिवस तो राबला. चहा कुणी आणला नाही, त्यानं मागितला नाही. कुजकं वेगळं केलं, चांगलं पसरलं, उलटलं, ढिगांत रचलं. अंतर चुकून काट्याचे दात अनेकदा मातीत रुतले. एकदा स्वतःच्या बुटात गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी मॉसी घरातनं बाहेर आला. हाताची पट्टी सुटली होती. तीन बोटांचा पंजा त्यानं खिशात ठेवला होता. तो सेननच्या डाव्या बाजूनं आला, थबकला, मग वळसा घालून उजवीकडं आला.

"गवत चांगलं केलंस," तो म्हणाला. "ब्रीडाचं मनावर घेऊ नको. तुला दिसत नव्हतं. आनी त्या गोंगाटात ऐकू तरी काय येनार? मी सोताला रोज हेच सांगतो. आंधळ्या मानसाचा राग कसा धरायचा?"

सेनन काट्यावर टेकला. हे ऐकून घरी जाता आलं असतं. मॉसीनं दार उघडून धरलं होतं. पण भिंतीपासच्या त्या माणसांचे हात अजून त्याच्या अंगावर होते.

"मॉसी, मला ऐकू आलं व्हतं."

सेनन काट्याच्या दांड्याकडं बघत पुढं बोलला.

"'माझा' म्हनलास. दोनदा. माझं नाव घेऊन म्हनलास. स्वच्छ ऐकू आलं. काठी खाली टाकायला येळ व्हता. टाकली न्हाई. मला त्यो चेंडू पायजे व्हता."

वाळलेल्या गवताचा वास सुटला होता. खालच्या बांधाला मॉसीची एकुलती गाय गळ्यातली साखळी ओढत होती. मॉसीनं खिशातनं हात काढला, त्याच्याकडं बघितलं आणि परत खिशात घातला. मग तो बोलला.

"दवाखान्यात मास्तर आलं, तवा मी न्हाई म्हनलो. का म्हनलो ठावं हाय? वाटलं, सेननचं तेरा वर्सांचं नाव हाय. त्येला माझा आवाज ऐकू आला नसंल. दोन बोटं गेली ती गेली, एका चांगल्या मानसापायी गेली." त्याचा आवाज चढला नव्हता. "त्येवर मला झोप लागत व्हती, सेनन. तेवढं एकच व्हतं माझ्याजवळ."

सेनननं काट्याचे दात मातीत रोवले.

"हे ब्रीडाला सांगू नको," मॉसी म्हणाला. "ती काट्यानं भोसकंल तुला, आनी मग लेकराकडं कोन बगंल. डेलियाला सांग. तिला सांगायला पायजेस तू." तो घराकडं वळला. चार पावलं जाऊन थांबला. "ह्यो शेवटचा ढीग पुरा कर. उद्यापास्नं येऊ नको."

दार लागल्याचा आवाज आला.

सेनननं काटा उचलला. गवत वर देणारं आणि वर उभं राहून दाबणारं अशी दोन माणसं लागतात ढिगाला. तो गवत टाकायचा, काटा ठेवायचा, वर चढून पायानं दाबायचा, उतरायचा आणि पुन्हा काटा शोधायचा. उतरताना दोनदा पडला. डोंगरामागनं ढग वर येत होते, म्हणून त्यानं हात आवरला नाही. ढीग पुरा झाल्यावर त्यानं हातानं तो चारी बाजूंनी विंचरला, म्हणजे पाणी आत न शिरता ओघळून जावं. गवताचा दोर वळला, वरनं टाकला, दोन्ही टोकांना दगड बांधले. दोर घट्ट बसलाय का ते डोळ्यानं कळेना, तेव्हा त्यानं हातानं चाचपून बघितलं.

मग तो डेलियाला सांगायला निघाला.